पंचक सुटेपर्यंत

"पंचक उद्या सकाळी सुटतंय. तवर मशीन काढायचं नाय," म्हणत धोंडाबाई आयसीयूच्या दारातच बसली. आत तिचा नवरा चिमाजी. झेंडूच्या वाफ्यात कोसळला तो शुद्धीवर आलाच नव्हता.

डॉक्टर पल्लवी तिच्यासमोर उकिडवी बसली. "आजी, त्यांच्यात आता काही उरलं नाही. मशीन नुसती छाती हलवतंय. सकाळी तुम्हीच म्हणालात, सोडवा त्यांना."

"तवा भटजीला इचारलं नव्हतं."

पंचकात गेलेला माणूस घरातल्या पाचांना ओढतो. धोंडाबाईनं हे नुसतं ऐकलं नव्हतं. थोरली जाऊ पंचकात गेली आणि पाठोपाठ दोन तरणी माणसं उचलली गेली होती.

"खाली अपघाताचा एक मुलगा आलाय," पल्लवीचा आवाज उतरला. "हातानं फुगा दाबून श्वास देतोय त्याला. मशीन मिळालं तर वाचेल. नाशकात कुठंच रिकामं नाही. आणि तुमच्या होकाराशिवाय मला हे काढता येत नाही."

"त्याच्या घरचे?"

"अजून कोणी आलं नाही."

धोंडाबाईचा मुलगा किशोर चुळबुळला. "आई, तरणं पोर हाय म्हणतात..."

"आन् तुझा स्वराज म्हातारा हाय व्हय?"

किशोरचा मुलगा स्वराज नांदगावला शिकायला होता, आजोबांचा लाडका.

"येऊ नको म्हणलास ना त्याला?"

"दुपारीच. सांगंन तवाच ये म्हणलं."

"यम काय पंचांग बघून येतो का, आजी?" पल्लवी चिडलीच.

"येऊंदे कसाबी. मागं कुणाला नेतो, ते आपण बघायचं."

धोंडाबाईनं डोळे मिटले. त्या परक्या पोरासाठी गडावरच्या आईला हात जोडले, अगदी मनापासून जोडले. पण दारातून हलली नाही.

रात्रीतून कधीतरी खालचा फुगा थांबला. पल्लवी वर आली, हात धुतले आणि कुणाकडे न बघता निघून गेली.

सकाळी पंचक सुटलं. धोंडाबाईनं चिमाजीच्या कपाळाला अंगारा लावला, ओठांना गंगेचं पाणी लावलं.

"काढा आता."

ती रडली, पण छातीवरचा धोंडा उतरला होता. घर राखलं होतं तिनं.

"स्वराजला बोलाव," ती म्हणाली.

किशोरनं फोन लावला. उचलणारा आवाज अनोळखी होता. तो फोनमधून आला, तसाच जिन्याखालूनही आला.

"हवालदार बोलतोय. कालच्या अपघातातल्या पोराचा मोबाईल हाय हा, पहाटं रस्त्याकडंला सापडला. तुम्ही कोण त्याचे?"