मालिकेवाल्यांचा दरवाजा

मालिकेवाले शूटिंग उरकून गेले, पण इस्त्रीवाल्याच्या घराच्या कोऱ्या भिंतीवर ठोकलेला त्यांचा खोटा दरवाजा तसाच राहिला. त्याच्यामागे नुसत्या विटा.

"काढून टाका हो ते लचांड," बायको रोज म्हणायची. इस्त्रीवाला रोज "उद्या" म्हणायचा. दिवसभर उभं राहून त्याच्या पायांचे तुकडे पडलेले असायचे.

आज तर दमूनभागून त्याने घराचा खरा दरवाजा सोडून तोच ठोठावला. चूक कळल्यावर तो स्वतःवरच चरफडला.

"आले हो," विटांमागून बायकोचा थकलेला आवाज आला. चपला फरफटत जवळ आल्या.

तेवढ्यात बाजूचा खरा दरवाजा उघडून बायकोने त्याचा हात धरला.

"तुम्ही मला हाक मारली की या दरवाजामागची तीही ओ द्यायची," ती हळूच म्हणाली. "पण आजवर नुसती ओ द्यायची."

खोट्या दरवाजाची आतली कडी निघाली.