सत्तेचाळीस सालचा बर्फ

घरमालकीण फ्राऊ लिंडेमाननी खोलीचं दार आतून लावून घेतलं आणि एप्रनच्या खिशातून एक पाकीट काढलं. त्यावर इंग्लंडच्या राणीचं तिकीट होतं.

"फ्राऊ दांडेकर, तुम्हाला इंग्लिश येतं ना? एवढं वाचून दाखवा. हे कामावरून यायच्या आत."

सुलेखानं कणकेचे हात धुतले. पाकिटावर घरमालकांचं नाव होतं, एर्विन लिंडेमान, आणि पाकीट आधीच फोडलेलं होतं. दुसऱ्याचं पत्र वाचायचं तिच्या जिवावर आलं. पण नाही म्हणायची सोय नव्हती. तिचा नवरा श्यामकांत हॅनोव्हरच्या तंत्रविद्यापीठात डॉक्टरेट करत होता आणि ही वरच्या मजल्यावरची खोली मिळायला त्यांना चार महिने लागले होते.

पत्र यॉर्कशरमधल्या एका खेड्याच्या पाद्र्याचं होतं. त्याला गावाच्या इतिहासाची पुस्तिका काढायची होती आणि तीत जुन्या हिवाळ्यांच्या आठवणी हव्या होत्या. यंदाची, त्रेसष्टची थंडी पाहून गावात जो तो सत्तेचाळीस सालाबद्दल बोलत होता. तेव्हा गावाशेजारी जर्मन युद्धकैद्यांची छावणी होती. बर्फ घरांच्या छपरांना टेकला होता. एर्विन नावाचा कैदी टेकडीवरच्या एका शेतावर नऊ दिवस अडकून पडला आणि त्यानं तिथल्या मेंढ्या जगवल्या. छावणीच्या जुन्या कागदांत त्याच्या घरचा पत्ता मिळाला, म्हणून हे पत्र. त्यानंही आपली आठवण लिहून पाठवावी.

फ्राऊ लिंडेमान खिडकीकडे तोंड करून ऐकत होत्या.

"त्यात कुणी बाई आहे का?"

होती. 'शेतावरच्या मिसेस ऑड्री अजून तुमची चौकशी करतात,' असं शेवटी लिहिलं होतं.

"नाही," सुलेखा म्हणाली.

"आल्झो, असं तर." फ्राऊंना ते पटलेलं दिसलं नाही. "उत्तर लिहा. आठवणी पाठवतो म्हणावं. आणि त्या वेळचा एखादा फोटो असला तर पाठवा. पत्ता तुमच्या नावाचा द्या. यांना यातलं काही कळता कामा नये."

फोटो कशाला, हे सुलेखाला लगेच उमगलं. सोळा वर्षांनंतरही बायकोला ती बाई बघायची होती.

श्यामकांतला तिनं हे सांगितलं, तेव्हा तो वैतागला.

"तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला? इथली माणसं युद्धातून आली आहेत. उकरून काढशील तेवढं निघेल."

"अहो, पण त्या विचारतात त्याला मी काय करू?"

"इंग्लिश विसरले म्हणून सांग."

ते आता शक्य नव्हतं. उत्तर पोस्टात पडलं होतं.

तेव्हापासून सुलेखाचं घरमालकांकडे लक्ष जाऊ लागलं. लिंडेमान म्हणजे बुटका, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. रोज तळघरातून स्वतःबरोबर या दोघांसाठीही कोळसा वर आणून द्यायचा. बायकोशी कधी आवाज चढवून बोलला नाही. अशा माणसानं परमुलखात काय करून ठेवलं असेल?

एका रविवारी तो कोळशाची बादली ठेवायला आला, तेव्हा तिनं सहज विचारल्यासारखं केलं.

"तुम्ही इंग्लंडात होतात म्हणे?"

"होतो. दक्षिणेला. शेतातलं बीट काढायला न्यायचे."

"सत्तेचाळीसला तिकडे फार बर्फ पडला होता ना? टेकड्यांवर मेंढ्या अडकल्या होत्या."

बादलीच्या कडीवरचा त्याचा हात थांबला.

"कोण म्हणालं?"

"रेडिओवर ऐकलं."

"असेल. मेंढी मी कधी जवळून पाहिलेली नाही."

तो जिना उतरून गेला. सुलेखाला खात्रीच पटली. माणूस तोंडावर धडधडीत खोटं बोलत होता, आणि खोटं बोलण्यासारखं काहीतरी त्या शेतावर घडलं होतं.

खाली फ्राऊ लिंडेमान भांडी पुसत होत्या. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "बॉम्ब पडले तेव्हा आमचं घर गेलं. परत इथंच उभं केलं, पण जुना एक कागद हाताला लागला नाही. या गल्लीत तेव्हाचं माणूससुद्धा कुणी उरलं नाही. सगळे नवे." सुलेखाला त्यांची कीव आली. एवढं सोसून उभ्या केलेल्या संसाराला आपण चूड लावणार की काय, असं तिला वाटून गेलं.

फेब्रुवारीच्या शेवटी पाद्र्याचं दुसरं पत्र आलं.

मिसेस ऑड्रीला यंदा ऐंशीवं लागलं, असं त्यात होतं. एर्विनचं उत्तर आलं म्हणून म्हातारी आनंदानं रडली होती. सत्तेचाळीसच्या एप्रिलमध्येच त्याला दक्षिणेकडच्या एका छावणीत हलवलं आणि नंतर त्याची काही खबर मिळाली नव्हती. सोबत फोटो होता. हातात फावडी घेतलेले पाच कैदी, मागे बर्फाची भिंत. त्यातल्या एकाच्या डोक्यावर शाईनं फुली मारली होती आणि फोटोच्या पाठीवर एर्विन लिंडेमान असं नाव लिहिलं होतं.

फुलीखालचा माणूस उंच होता, काठीसारखा बारीक, अरुंद कपाळाचा.

सुलेखानं फोटो उजेडात धरून पुन्हा पाहिला आणि तिला हसूच फुटलं. भलताच माणूस! एकाच नावाचे दोन कैदी, आणि पाद्र्यानं नेमका चुकीचा पत्ता काढला होता. घरमालक खरंच दक्षिणेत होते. त्यांनी खरंच मेंढी पाहिली नव्हती. उगाच दोन महिने आपण एका सज्जन माणसाकडे चोरासारखं पाहत राहिलो.

ती दोन दोन पायऱ्या उतरत खाली गेली. फ्राऊ लिंडेमान स्वयंपाकघरात बटाटे सोलत होत्या.

"फ्राऊ लिंडेमान, काळजी सोडा! सगळा नावाचा घोटाळा आहे. हे बघा, हे तुमचे यजमान नव्हेतच."

फ्राऊंनी हात पुसले, चष्मा लावला आणि फोटो खिडकीपाशी नेला. मग फुलीखालच्या चेहऱ्यावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"केवढा वाळला होता माझा एर्विन!" त्या म्हणाल्या. "आणि त्याची खबर नि कागद घेऊन हे पहिल्यांदा दारात आले तेव्हा मला सांगत होते, शेवटपर्यंत चांगला खाऊन-पिऊन होता म्हणून."