सीडीतला तास

बुधवार, १२ सप्टेंबर २००७. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. मढच्या पुढच्या एका हायस्कुलात, नववीच्या वर्गात, सयाजी डुंबरे यांचा आवाज भूगोल शिकवत होता. स्वतः सयाजी डुंबरे खिडकीबाहेर उभे राहून तो ऐकत होते.

ते एकवीस वर्षं जुन्नरच्या शाळेत होते. ही त्याच संस्थेची दुसरी शाखा. इथं ते आज पहिल्यांदाच आले होते, रजा टाकून.

मार्चमध्ये संगणक शिकवणाऱ्या रिजवाननं त्यांचे सगळे तास माइकवर घेतले, नकाशे जोडले आणि सीडी केली. "एकदा केलं की दरसाल वापरता येतं, सर," तो म्हणाला होता. त्या 'दरसाल'नं सरांची झोप उडाली. जुन्नरचा पट घटला होता. महिनाअखेर अतिरिक्त शिक्षकांची यादी लागायची होती. "सर, तुमी आता तबकडीत गेले राव," शिक्षकखोलीत सोबतच्या इंद्रायणीबाई म्हणाल्या, "खडू आमाला देऊन टाका." सगळे हसले. सरही हसले. मग कानावर आलं, की मढकडं त्यांची सीडी लावतात. माणसावाचून तास होतो का, हे संस्था तपासून बघत असणार. भांडायचं तर डोळ्यांनी पाहिलेलं हवं.

तास उत्तम चालला होता. आवाज थांबला की मुलं वहीत लिहीत. मध्येच सीडीतले सर खोकले. सगळा वर्ग एका सुरात खोकला.

संगणकापाशी बसलेला शिपाई हौशीराम बाहेर आला. "कोण पावणं?"

"आत बोलतोय तो मीच."

हौशीरामचा चेहरा फुलला. "आवाज तर त्योच! लई भारी शिकवता, सर. जूनपासनं मी बटण दाबतो, तुमी बोलता."

"आणि भूगोलाचा शिक्षक? काढला त्याला?"

"काढत्यात कशाला? मस्टरवर हाय की."

मुख्याध्यापक जुन्नरला मीटिंगला गेले होते. हौशीरामनं कार्यालयाचं कपाट उघडून मस्टर टेबलावर ठेवलं. चौथी ओळ: डुंबरे स. रा., भूगोल. जूनपासून कामाच्या प्रत्येक दिवशी सही. शेवटची रेघ ते स्वतः वळवत तशीच मागं वळवलेली. अतिरिक्तांच्या यादीत नाव लागेल म्हणून धावत आलेल्या माणसाचं नाव इथं एक जादा होतं.

"ही सही कोण करतं?"

"मला काय ठावं, सर? मी कुलूप काढतो तवा झालेलीच असती."

सरांनी आजच्या तारखेवर बोट ठेवलं. सही होती. बोट पुढं सरकलं.

गुरुवार, तेरा तारखेच्या रकान्यातही ती होती.