डबीतली गोचीड

कौशल्यानं पेटती उदबत्ती अपेक्षाच्या भुवईजवळ नेली तशी पोरगी किंचाळली, आणि अंगणातल्या मधल्या भिंतीवरून धाकट्या जावेचं, पूर्णिमाचं डोकं वर आलं.

"अपेक्षा, आईला विचार, डोळा जाळायचा बेत आहे का?"

जावाजावांचं बोलणं दोन वर्षं बंद होतं. एकमेकींना जे काही ऐकवायचं ते सहा वर्षांच्या अपेक्षामार्फत. पोरीला त्याची इतकी सवय झाली होती की ती निरोप सांगायचे कष्टही घेत नसे. नुसती मान इकडून तिकडे वळवायची, की निरोप पोचला.

"काकूला सांग, म्हशीच्या अशाच पाडते मी. चटका बसला की आपसूक सुटती गोचीड."

"आईला सांग, तू म्हैस नाहीस."

गोचीड पोरीच्या उजव्या भुवईच्या टोकाला रुतून बसली होती. रक्त पिऊन पिऊन चांगली वाटाण्याएवढी झाली होती. कपाळावरच्या झिपऱ्यांखाली ती दोन-तीन दिवस कुणाला दिसलीच नाही. कुणाला म्हणजे कौशल्यालाच, आणि ते मनाला लागल्यामुळे तिचा पारा आणखी चढला होता.

पूर्णिमानं बोलावण्याची वाट पाहिली नाही. बाहेरच्या खोलीत तिचं पार्लर होतं. हिंजवडीत कंपन्या आल्यापासून होस्टेलच्या मुलींची तिथं रीघ असे. आताही एक मुलगी एकच भुवई कोरलेल्या अवस्थेत खुर्चीत बसली होती. तिला तशीच सोडून पूर्णिमा फाटकातून आत आली. हातात भुवयांचे केस उपटायचा प्लकर, कापूस, डेटॉल आणि क्रीमची एक रिकामी डबी.

"आईला सांग, डोकं घट्ट धर. तेवढं तरी जमेल."

या बाईचे उपकार घेण्यापेक्षा कौशल्यानं आपला हात तोडून दिला असता. भिंतीलगतच्या गोठ्यामुळे घाण आणि किडे होतात, तो हलवा, असा अर्ज हिनंच गेल्या महिन्यात ग्रामपंचायतीत दिला होता. शेत कंपनीखाली गेलं, नवरा त्याच कंपनीच्या फाटकावर वॉचमन झाला. कौशल्याचं म्हणून जे काही उरलं होतं ते या दोन म्हशी. त्यांना हलवायचं तरी कुठं? पण गोचीड डोळ्यापासून बोटभर अंतरावर होती. तिनं उदबत्ती फरशीवर विझवली आणि पोरीचं डोकं छातीशी धरलं.

पूर्णिमानं गोचिडीच्या फुगलेल्या पोटाला हातही लावला नाही. प्लकरची टोकं अगदी कातडीला टेकवली, तोंडाशी गोचीड धरली आणि सरळ वर ओढत राहिली. झटका नाही, पीळ नाही. भुवईची कातडी तंबूसारखी वर आली. अपेक्षानं आईच्या दंडात नखं रुतवली. मग गोचीड सुटली, अख्खी, पाय वळवळत.

"बाबा फौजेत होते तेव्हा खडकीच्या क्वार्टर्समध्ये जंगलातून परतलेले जवान अशाच काढायचे," पूर्णिमा डेटॉलचा बोळा फिरवत म्हणाली. "आईला सांग, म्हशींच्या कानांत रोज बघतेस, तसं पोरीच्याही केसांत, कानामागं बघत जा. गोठ्यातून आली की कपडे बदल. पोरगीही घरचीच आहे."

कौशल्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तेही हिच्यादेखत यावं, याचा तिला संताप आला. तरी तिनं नुसते पदरानं डोळे पुसले. तेवढ्यावर भागलं असतं. पण पूर्णिमानं गोचीड डबीत टाकली आणि वर झाकण बसवलं.

"ती कशाला?" कौशल्यानं थेट जावेलाच विचारलं.

"आठ-पंधरा दिवसांत पोरीला ताप आला, अंगावर पुरळ उठलं, तर डॉक्टरांना दाखवायला. कुठली चावली ते त्यांना कळतं."

"आन् न्हाई आला ताप तर?"

पूर्णिमानं डबी मुठीत धरली. "तरी ठेवणार. सोमवारी पाहणीला माणसं येताहेत ग्रामपंचायतीची, त्यांनाही दाखवीन. तुमच्याशी खोटं बोलायची मला गरज नाही."

कौशल्यानं तिच्या मनगटावर फटका मारला. डबी उडाली, झाकण निघालं. गोचीड शहाबादी फरशीवर पडली आणि जडपणे चालू लागली. कौशल्यानं तिच्यावर चप्पल ठेवली आणि टाचेवर सगळा भार देऊन पाय पिळला.

"न्हे आता! दाखव कुणाला दाखवायची ती!"

"छान," पूर्णिमा रिकामी डबी उचलत म्हणाली. "पोरीला ताप आलाच, तर डॉक्टरांना चप्पल दाखवा."

ती फाटक आपटून गेली. कौशल्यानं पाय उचलला. फरशीवर रक्ताचा रुपयाएवढा डाग पडला होता, ताजा, लालभडक. अपेक्षा वाकून त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं भुवईला बोट लावलं आणि ते बोट डोळ्यांसमोर धरलं.

"आई, हे म्हशीचं रक्त हाय, का माझं?"

कौशल्यानं पाय पुन्हा त्या डागावर ठेवला, आणि तसाच दाबून धरला.