शिक्षक कसा मागावा

स्कीइंगच्या सहलीचं बुकिंग करायला आलेल्या नवरा-बायकोला एजंट एकेक गोष्ट समजावून सांगत होता. "बूट विकत घेऊ नका, तिकडे भाड्याने मिळतात. मोजे एकच जोड घाला, दोन घातले की बूट चावतो. विमा आधी पायांचा बघा, सामानाचा नंतर."

"हिला मीच शिकवेन म्हणतो," नवरा म्हणाला.

"मुळीच नको!" बायको म्हणाली. "गाडी शिकवलीस तेव्हा आठवडाभर अबोला होता."

"वहिनींचं बरोबर आहे, शिक्षकच लावा," एजंट म्हणाला. "फक्त फॉर्मवर म्हातारा मागून घ्या."

"अनुभव जास्त असतो म्हणून?"

एजंटने पेनाला टोपण लावलं. "आमच्या हिला तरुण मिळाला होता. आठ दिवसांचा कोर्स. सहा वर्षं झाली, अजून तिकडेच शिकतेय."