दोघांची दहा वर्षं

ओटिस पेटवे तुरुंगातून सुटला तो थेट पिओरियाच्या कोर्टात, कॉलिनच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. तिने त्याला लगेच ओळखलं. गरिबांसाठी सरकारने नेमलेली वकील म्हणून तिचा पहिला खटला त्याचाच होता, आणि तो ती हरली होती. दहा वर्षांची शिक्षा ऐकून तो मटकन खाली बसला, तेव्हा त्याला धीर द्यायच्या नादात ती भलतंच बोलून गेली होती, "माझीही दहाच वर्षं आहेत, ओटिस. तेवढी या नोकरीत काढली की माझं शिक्षणाचं उरलेलं कर्ज माफ होईल." त्या बोलण्याची तिला अजून लाज वाटायची.

"चांगला वागलो म्हणून मला दीड वर्ष आधीच सोडलं," खुर्ची ओढत ओटिस म्हणाला. "तुमचं कुठवर आलंय, वकीलबाई?"

"अजून तीन वर्षं."

"तीन कशी?"

"मध्ये आई आजारी होती. दीड वर्ष मी अर्धवेळ काम केलं. ते कर्जमाफीत धरलंच नाही त्यांनी."

"आणि चांगल्या वागणुकीची सूट?"

"आमच्यात नसते ती."

ओटिसने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तिच्या टेबलावरच्या फायलींच्या ढिगाकडे पाहिलं.

"म्हणजे वकील तुम्हालाही धड मिळाला नाही म्हणायचा."