चपखल टाकी

तराफा तरंगावा म्हणून एलिओदोरोच्या मॉस्कविच गाडीची पेट्रोलची टाकी काढून त्याचा मुलगा हवानाहून समुद्रात निघाला, त्याला सात महिने झाले.

"पोहोचलाय गं तो मायामीला. टाकी पळवली ना, लाजतोय मेला, म्हणून फोन नाही," एलिओदोरो बायकोला रोज सांगायचा.

आज भंगारवाल्याकडे अखेर मॉस्कविचची जुनी टाकी मिळाली.

"डोळे झाकून घ्या, काका! किनाऱ्यावर वाहून आलीय, पण बुडाचं ठिगळ बघा, काय पक्कं! चपखल बसेल."

एलिओदोरोने ठिगळावरून बोट फिरवलं. कॉफीच्या डब्याचा पत्रा कापून त्याने स्वतःच ते बसवलं होतं.

तो रिकाम्या हातांनी घरी आला.

"मिळाली का हो?"

"बघितली एक," तो म्हणाला. "आपल्या गाडीला बसणारी नव्हती."